मास्तरांचं क्रियापद

माझ्या शिवणकामाच्या दुकानावरच्या खोलीत मास्तर मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. छत पातळ, त्यामुळे निम्मं इंग्रजी माझ्या डोक्यावर फुकट पडतं. एक वाक्य तर पाठच झालंय.

"हॅविंग लॉस्ट द की, ही स्लेप्ट ऑन द स्टेप्स." मास्तर फळ्यावर खडू आपटतात. "किल्ली हरवून तो पायरीवर झोपला. 'हॅविंग'वालं आधी उरकलं, की भार पडतो पायरीवरच्या झोपेवर. आता तेच शेवटी न्या. ही स्लेप्ट ऑन द स्टेप्स, हॅविंग लॉस्ट द की. झालं, ऐकणारा किल्लीच शोधत बसतो! मानाचा पाहुणा शेवटी येतो, बाळांनो."

वर्गात ठीक आहे हो. पण हा गृहस्थ वर्गामागच्या आपल्या घरीही तसाच बोलतो. "बाजारात जाऊन, रांगेत उभं राहून, छत्री विसरून, परत जाऊन..." वहिनी भांडी घासता घासता ओरडायच्या, "अहो, क्रियापद टाका एकदाचं!" आवाज असा खणखणीत, की माझी सुई थांबायची. मला त्या दोघांचं फार कौतुक.

मग वहिनींच्या त्याच गळ्यात गाठ निघाली. जिवाला धोका नव्हता, पण गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली. आवाज राहील की नाही, सांगता येत नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी मास्तरांजवळ बसलो. एवढा बोलघेवडा माणूस, नुसता दाराकडे बघत होता. मला ते बघवेना.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "गाठ पूर्ण सोडवून, नस जपत जपत, रक्त थांबवून..."

"क्रियापद!" मास्तर ओरडले. "आधी क्रियापद सांगा!"

बाई चपापल्या. शेवटी मीच मध्ये पडलो. "वहिनी बोलतील का, तेवढंच विचारतायत."

"शुद्धीवर आल्या की कळेल."

संध्याकाळी वहिनींनी डोळे उघडले. आम्हाला बघून हसल्या, पण ओठ मिटलेलेच. घाबरल्या असणार. बोलायला जावं आणि आवाजच नसला तर? मास्तरांनी त्यांचा हात धरला आणि सवयीनं सुरू झाले. "तुला आत नेल्यावर, बाकावर बसून, चहा गार करून, देवाला नाही नाही ते बोलून, या शिंप्याचा रुमाल भिजवून, दाराकडे बघत बघत..." डोळ्यांतून धार लागलेली, वाक्य काही संपेना.

वहिनींच्या कपाळाला आठी पडली. घशातून खरखर आली.

"अहो... क्रियापद!"

मास्तरांना एकही सापडलं नाही.