सदऱ्यांआडचा आवाज

बाजारच्या दिवशी आमच्या हट्टा गावात चार माणसं भेटली की किसनअण्णाच्या वाचनाची एक तरी आठवण निघतेच. माझा थोरला भाऊ, दादा, वारला त्याला हा तिसरा महिना. आधी असं काही निघालं की मी उठून जायचो. आता मीच विषय काढतो. हसलो की छातीवरचं जरा हलकं होतं, एवढंच!

किसनअण्णा नाटक कंपनीतला जुना नट. आवाज असा, की ओढ्यापलीकडची म्हैस मान वर करील! पण अक्षर एक येत नव्हतं. कंपनीत सगळ्या भूमिका ऐकून पाठ केलेल्या. म्हणून शिंप्याच्या ओट्यावर अण्णा पुस्तक धरून बसायचा आणि मागे टांगलेल्या सदऱ्यांआडून माझा दादा पुटपुटायचा. आतून येईल ते अण्णा बाहेर सोडणार, जसंच्या तसं!

दादा स्वतः लिहायचाही. पण त्याचे पुढचे दोन दात नव्हते, मोठ्यानं वाचलं की शिट्टी वाजायची. ते दात माझ्या गोफणीनं गेले. मी सात वर्षांचा होतो, रागात दगड सुटला. हे आम्हा दोघांनाच ठाऊक. दात कसे गेले, असं आईनं विचारलं की दादा हसायचा, "लिवीन कवातरी."

*

एकदा गोष्टीत म्हातारी आई मरत होती. अण्णा इतका रंगला की त्याचं धोतर सुटायला आलं. दादा आतून कुजबुजला, "अण्णा, धोतर सावर."

अण्णानं मरणाऱ्या आईच्या आवाजात हंबरडा फोडला, "अण्णाऽ, धोतर सावर!"

समोरची एक बाई डोळे पुसत म्हणाली, "मरता मरता बी लेकराचं धोतर बघितलं माउलीनं!"

*

निजामाचं राज्य. चार माणसं जमायची म्हटली तरी परवानगी लागे. एकदा पोलिसांचा जमादार शिपायाला घेऊन येऊन बसला, "एकच घंटा. उसके बाद बंद!"

तास संपला तेव्हा गोष्टीतलं पोरगं जत्रेत हरवलेलं. शिपाई उठून "टाइम हो गया!" म्हणाला, तर जमादारानं त्याला हाताला धरून खाली बसवलं, "चुप! पैले बच्चे कू घर तो जाने दे!"

*

परभणीचे एक लेखक आपली कथा वाचायला आले. कथा चांगली, पण आवाज कोटाच्या बाहेर येईना. तांड्यावरचा सोमला म्हणाला, "साहेब, तुमी बसा. अण्णाला द्या."

अण्णानं कथा अशी वाचली की लेखकही रडले. मग एकदम उठून विचारतात, "पण माझी नायिका शेवटी विहिरीत उडी घेते! ही घरी कशी गेली?"

दादा सदऱ्यांमागून बाहेर आला, "साहेब, आमच्या विहिरीला यंदा पाणी न्हाई."

*

दादा तापानं गेला. मागं त्याच्या आठवणींची वही राहिली. आई अण्णाला म्हणाली, "येत्या बाजारी माझ्या लेकराचं वाचा."

सदऱ्यांआड बसायला मीच उरलो. तिसरीत शाळा सोडलेला! आठ दिवस बोट ठेवून अक्षरं लावली. 'माझे दात' असं आलं आणि तिथंच थांबलो, पुढं वाचवलं नाही. पान फाडायला हातही घातला. दादाचं अक्षर होतं, फाडवलं नाही.

बाजारी आई सगळ्यांच्या पुढं बसली. मी एकेक शब्द अण्णाला देत होतो. 'माझे दात' आलं.

"माझे पुढचे दोन दात... आमच्या..." पुढचा शब्द लागेना. अण्णा डोळे मिटून थांबला. लोकांना वाटलं, काय अभिनय!

"...आमच्या बैलानं पाडले." मी पुन्हा बघितलं. बैलानंच! "बैल लहान होता, त्याला कळत नव्हतं. पुढं मोठा गुणी निघाला."

मी एका सदऱ्यात तोंड खुपसलं. किती वर्षांनी श्वास घेतला देव जाणे!

तेवढ्यात आई म्हणाली, "बैल? आपल्या घरी तवा बैल कुठं व्हता रे?"

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मीच व्हतो त्यो बैल, आई."

अण्णानं छातीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं गर्जला, "मीच व्हतो त्यो बैल, आई!"

लोक पोट धरधरून हसले. आईनं अण्णाकडं बघितलंसुद्धा नाही. ती सदऱ्यांकडं बघत होती.

"मंग ये की बाहेर, बैला," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी हायस."