पेरूच्या बागेतला झेंडा

पंधरा ऑगस्टला घरावर लावलेला झेंडा दुसऱ्या दिवशी मी आठवणीनं उतरवला, एवढंच माझं चांगलं. तो घडी घालून कपाटात ठेवायचं सोडून मी बागेत नेला. बावडा गावाजवळच्या आमच्या पेरूंवर तेव्हा राघूंची धाड पडत होती आणि काठ्यांना बांधलेल्या जुन्या साड्यांना ते दाद देत नव्हते. झेंडा काठीला बांधला, तो फडफडला आणि राघू खरंच उठले. स्वतःच्या अकलेवर मी खूश झालो. कसली डोंबलाची अक्कल!

दिवाळीपर्यंत त्याचा केशरी रंग विटला, हिरव्याच्या चिंध्या झाल्या. मी रोज त्याच्याखालून जात होतो.

एका सकाळी शेजारचे तात्या बांधावरून आले. त्यांची सगळी नोकरी फौजेत झालेली. काठीपाशी त्यांनी चपला काढल्या, गाठ सोडली आणि झेंड्याची घडी घातली. केशरी नि हिरवा आत, चक्र वर. मग ती घडी तळहातावर घेऊन माझ्याकडं वळले.

"फाटका झेंडा फडकवायचा नसतो. ठावं हाय नव्हं?"

"पंधरा ऑगस्टपासनं तसाच राहिला, तात्या. काढायचा इसरलो."

ते रागावले नाहीत. सोडलेली सुतळी त्यांनी माझ्या हातात दिली. ती कोरी करकरीत होती. वाऱ्यानं झेंडा सुटला म्हणून परवाच मी ती आवळून बांधली होती.