फ्रेंच बोलायला कोणीतरी

सदाशिव पेठेत तीस वर्षं मी घरी फ्रेंचच्या शिकवण्या घेतेय, पण मनातलं असं फ्रेंचमध्ये कुणाशी बोलले नव्हते. हसायचं असेल तर हसा. दहावीला मार्क मिळतात म्हणून आईबाप मुलांना पाठवतात. संस्कृत नको, जर्मन अवघड, मग राहिलं कोण? मी. मुलं क्रियापदं घोकतात, शंभरातले अठ्ठ्याण्णव घेतात, पेढे आणून देतात आणि महिन्याभरात सगळं विसरून मोकळी होतात.

दरवर्षी पहिल्या तासाला मी सांगते, की ही भाषा पंडितांनी घडवलेली नाही. रोमन शिपाई आणि बाजारातली माणसं जी लॅटिन बोलायची, ती लोकांच्या तोंडी झिजत झिजत फ्रेंच झाली, जशी प्राकृतातून आपली मराठी. मग भिंतीवरच्या नकाशावर पट्टी फिरवते. फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंडचा तुकडा, कॅनडातलं क्वेबेक, आणि खाली सेनेगल, कॅमेरून, काँगो. आज फ्रेंच बोलणारी सगळ्यात जास्त माणसं फ्रान्समध्ये नाही, आफ्रिकेत राहतात, हे सांगताना माझा आवाज चढतो. "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" नाही रे बाबा, नाही.

आई गेली आणि घर एकदम मोठं झालं. संध्याकाळी सातला शेवटचा विद्यार्थी चपला घालून गेला, की दुसऱ्या दिवशी चारपर्यंत माझ्या तोंडाला कुलूप. दूधवाल्याशी बोलणं म्हणजे "अर्धा लिटर". शेवटी मागची खोली एखाद्या मुलीला भाड्यानं द्यायची ठरवली. घरात दुसऱ्या कुणाच्या तरी बादलीचा आवाज हवा होता मला.

गेल्या जूनमध्ये एक मुलगी खोली बघायला आली. काँगोतली, किन्शासाची, इथे कॉमर्स शिकायला आलेली. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कागदपत्रांची फाइल. इंग्रजीत अडखळत होती बिचारी. मी फ्रेंचमध्ये "आत या, बसा" म्हटलं, तर ती उंबऱ्यातच उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

मग आम्ही दोन तास बोललो. खोली बघायची राहूनच गेली. तिची आई शिवणकाम करते, घरात सगळे लिंगाला नावाची तिकडची भाषा बोलतात, फ्रेंच शाळेत गेल्यावर आलं, इथल्या पोह्यांत शेंगदाणे का घालतात, असं काहीही. आजीचं वय सांगताना तिनं सत्तरला, काँगोवर पूर्वी राज्य केलेल्या बेल्जियमवाल्यांचा शब्द वापरला आणि मी सवयीनं तो सुधारला. "आमच्याकडे असंच म्हणतात, मादाम. तुमचा शब्द पुस्तकातला," ती हसत म्हणाली. तीस वर्षांत मला कुणी सुधारलं नव्हतं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. जाताना म्हटलं, रविवारी सामान घेऊनच ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचे चेअरमन दारात. "ताई, आपण एकट्या राहता म्हणून सांगतो. बाकीच्यांचं म्हणणं आहे, आपल्यातलीच एखादी मुलगी बघा."

त्यांना काय सुनवायचं ते मला पाठ होतं. पेठेत वाढलेय मी, भल्याभल्यांना एका वाक्यात गप्प करते. पण उद्या पडले-बिडले तर दवाखान्यात नेणारी माणसं हीच, हा विचार आधी आला. "बघते," एवढंच म्हटलं. भित्री आहे मी, दुसरा शब्द नाही.

शनिवारी दुपारी तिला फोन केला. भाची पुण्यात शिकायला येतेय, खोली तिला द्यावी लागतेय, असं सांगितलं. मला भाची नाही. नम्रपणे नकार कसा द्यायचा, हा धडा मी मुलांकडून दरवर्षी घोटून घेते, त्यामुळे वाक्यं भराभर येत गेली. कुठेही अडले नाही.

 ती म्हणाली, "हे पाचवं घर, मादाम. बाकीच्यांनी इंग्रजीत नाही म्हटलं. तुमचं फ्रेंच खरंच फार सुंदर आहे."

आणि मी तिचे आभार मानले, अगदी अचूक उच्चारात.