जाऊबाईंचे हॉस्पिटलातले भाऊ

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सख्खा भाऊ एकही नाही. पण शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात एके काळी त्यांचे इतके भाऊ होते, की गेटवरचा म्हातारा वॉचमन हसून विचारायचा, "काय ताई, आज कितव्या मजल्यावरचा भाऊ?" जाऊबाई शांतपणे मजला सांगायच्या आणि कात्री-कंगव्याची पिशवी सावरत आत जायच्या.

मी त्यांची धाकटी जाऊ. आमचं भांडण झालं नाही असा आठवडा जात नाही, पण त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणी वाकडा शब्द काढला तर मी त्याची गय करत नाही. त्यांचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि त्याहून मोठं जाऊबाईंचं तोंड. दुकानात येणाऱ्या बायकांना गोळा करून त्यांनी एक संस्था काढली. काम साधं. हॉस्पिटलात ज्यांचं कुणी नाही त्यांच्याजवळ बसायचं, केस धुवायचे, नखं कापायची, डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवायचं. अडचण एकच. वॉर्डात फक्त नातेवाइकांना सोडायचे. मग काय, आम्ही नातेवाईक झालो! कुणी आत्या, कुणी मावशी. मी तर एका अनोळखी आजोबांची सून झाले, आणि त्यांनी मला खऱ्या सुनेसारखे टोमणेही मारून घेतले.

मग म्हातारा वॉचमन निवृत्त झाला. नवा ओळखपत्र बघायचा, आडनाव जुळलं नाही की बाहेर. आणि नेमका तेव्हाच आमचा इस्त्रीवाला आजारी पडला.

त्याचं दुकान जाऊबाईंच्या दुकानाला लागून. एकटा जीव, ना पुढे कुणी ना मागे. दिवसभर उभं राहून इस्त्री करायची आणि भिंतीपलीकडून जाऊबाईंशी वाद घालायचा, हाच त्याचा संसार. पायातली रक्ताची नळी तुंबली, बोटं काळी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर ऑपरेशन केलं तर पाय वाचेल, नाहीतर कापावा लागेल. पण ऑपरेशनला सोबत माणूस हवा, आणि तो नातेवाईकच हवा. तो आणायचा कुठून? तारीख मिळाली, पुढे ढकलली. पुन्हा मिळाली, पुन्हा ढकलली.

जाऊबाईंनी गेटवर जाऊन आकाशपाताळ एक केलं. नवा वॉचमन बिचारा हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्हाला सोडलं तर माझी नोकरी जाईल हो." खोटं नव्हतं त्याचं.

त्या दिवशी घरात पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, "आता भाऊबिऊ बास. नियमच बदलून घ्यायचा."

"नियम काय आपल्या घरचा आहे, वाटेल तेव्हा बदलायला?" मी म्हणाले.

"घरचा असता तर केव्हाच बदलला असता. शहराचा आहे, म्हणून शहराकडे जायचं."

संस्थेची बैठक दुकानातच भरली. खजिनदार काकांची तर पाचावर धारण बसली. "आपण सेवा करणारी माणसं. ही असली मागणी म्हणजे राजकारण झालं. उद्या संस्थेची नोंदणी रद्द करतील!" जाऊबाई उत्तर द्यायच्या आतच खुर्चीतून आवाज आला. केसांना रंग लावून बसलेली वकीलबाई होती ती.

"काका, अमक्याला मत द्या असं संस्थेनं सांगू नये. पण नियमानं माणसाचे हाल होतात, हे सांगायला कोण अडवतंय? तुम्ही रोज वॉर्डात असता. तुम्ही नाही सांगितलं तर त्यांना कळणार कसं?" मग टॉवेल घट्ट करत म्हणाली, "फक्त रडगाणं घेऊन जाऊ नका. काय हवंय ते एका ओळीत न्या."

ती ओळ ठरवताना आमच्या तोंडाला फेस आला. शेवटी उरलं ते एवढंच: 'नातेवाईक' काढा, 'रुग्ण सांगेल ती व्यक्ती' घाला. अनाथाश्रमात वाढलेल्या मुलामुलींची एक संस्था आहे, ती पहिल्या फटक्यात आमच्याबरोबर आली. हॉस्पिटलचे नियम ठरवणाऱ्या महापालिकेच्या आरोग्य समितीच्या एकेका सदस्याला जाऊबाई स्वतः जाऊन भेटल्या. त्यातल्या एकाच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. "ह्यांच्याशी बोलायचं काय?" मी कुजबुजले. "त्यांनाही पाय आहेत ना?" जाऊबाई म्हणाल्या.

समितीपुढच्या सुनावणीच्या दिवशी आम्ही पुढच्याच बाकांवर जाऊन बसलो. हॉस्पिटलचे मुख्य साहेब भले गृहस्थ, अदबीनं बोलले. "ह्या ताईंच्या भावना मला समजतात. पण आमच्याकडे एकटा म्हणावा असा रुग्ण गेल्या काही वर्षांत जवळपास आलेलाच नाही. प्रत्येकाला कुणी ना कुणी नातेवाईक भेटायला येत होता. मग नियम बदलायचा तो कुणासाठी?"

मी कपाळाला हात लावला. अहो, ते नातेवाईक म्हणजे आम्हीच की! इतकी वर्षं खोटं बोलून आम्हीच त्यांना दाखवून दिलं होतं, की सगळं कसं छान चाललंय. खजिनदार काकांनी मला कोपरानं ढोसलं. "त्यांना गप्प बसायला सांग. कबूल केलं तर कायमची बंदी घालतील." त्यांची भीती काही वेडी नव्हती. पण जाऊबाई उठल्या होत्या.

"साहेब, ते नातेवाईक मीच," त्या माइकवर म्हणाल्या. "आणि ह्या बाकावरच्या सगळ्या बायका. आम्ही खोटं बोललो. एकेका माणसापुरतं बोललो आणि आत शिरलो. आमचं काम भागलं, तुमचा नियम तसाच राहिला. तेव्हाच इथे येऊन खरं बोललो असतो, तर आज एका माणसाचा पाय पणाला लागला नसता. मला बंदी घालायची तर खुशाल घाला. पण आधी ही ओळ बदला, म्हणजे माझ्या जागी दुसरं कुणीतरी त्याच्यापाशी जाईल."

मला काही बसून राहवेना. मी उभी राहिले आणि ओरडले, "आणि मी सून होते!" सगळे हसले, काकासुद्धा. त्या हशातच मागून वॉर्डच्या मोठ्या सिस्टर उठल्या. "आम्हाला माहीत होतं. ह्या बायका आल्या की पेशंट चार घास जेवायचे, म्हणून आम्ही डोळेझाक केली."

मुख्य साहेबांनी आमच्या मागणीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "रुग्णाची सही असेल, तर माझी हरकत नाही." मतासाठी पहिला हात वर गेला तो टकलू साहेबांचा.

नियम लागू झाला त्या सकाळी आम्ही दोघी गेटवर गेलो. वॉचमननं सवयीनं विचारलं, "नातं?"

जाऊबाईंचं तोंड सवयीनं उघडलं, आणि मिटलं. "काही नाही," त्या म्हणाल्या. "शेजारी आहे माझा."

तो बाजूला झाला. इतक्या वर्षांत त्या दारातून खरं बोलून आत जाताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मला तिथेच रडू फुटलं, आणि त्यांनी "चल गं, नाटकं नकोत," म्हणून मला दंडाला धरून आत ओढलं.

ऑपरेशन झालं. एक बोट गेलं, पाय राहिला. आता जाऊबाईंनी आपल्या दुकानातली एक खुर्ची त्याच्या टेबलामागे नेऊन ठेवली आहे आणि बसून इस्त्री कर म्हणून रोज त्याच्या मानगुटीवर बसतात. भिंतीपलीकडून त्याचं ओरडणं मला रस्त्यावर ऐकू येतं.

"अहो बाई, दोन्ही पाय आहेत माझे! उभा राहू द्या की मला!"