माझ्या नावाची पाटी

कुवेतमध्ये, मंगफच्या आमच्या खोलीत हिवाळ्यात हीटर दिवसरात्र चालायचा. वीज घरमालकाच्या माथी, त्यामुळे बंद करायला कोणी उठायचं नाही. आम्ही चौघे, सगळे कोकणातले. मी पाय शेकत बसायचो आणि तिकडे गावाला माझी बायको ओल्या लाकडांच्या चुलीपुढे खोकत असायची. डॉक्टरने तिला सांगितलं होतं, धुरापासून लांब राहा. मग जेवण कशावर करायचं, ते त्याने सांगितलं नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. सरकार गोबरगॅसला अनुदान देत होतं. खड्डा, बांधकाम आधी आपण करायचं. गॅस पेटला की साहेब येऊन बघणार, फोटो काढणार, मग पैसे. फोटोत ज्याच्या नावावर घर तो माणूस पाहिजे. घर माझ्या नावावर आणि मी कुवेतला. रजा मागितली तर फोरमन म्हणाला, "गोबर के लिए छुट्टी? पागल हो गया क्या?" मला हिंदीत नीट सांगता आलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने दिली नसती.

शेवटी साहेब म्हणाले, घरधनी नाही तर बाई उभी राहू दे, त्याच्या नावाची पाटी धरून. फोटोची एक प्रत सुट्टीवरून परतलेल्या गावच्या माणसाने आमच्या शेजारच्या फिंतासला आणली. शुक्रवारी मी जाऊन घेऊन आलो. शेगडीवर निळा जाळ, बाजूला बायको, छातीशी शाळेतली पाटी, तिच्यावर खडूने माझं पूर्ण नाव.

खोलीतला रत्नागिरीचा ड्रायव्हर बघत राहिला. "काय ओ भाऊ, वहिनींनी कोणाचा मुडदा पाडला? जेलात असाच फोटो काढतात."

"तुझं थोबाड बंद कर," मी म्हटलं. पण हसू मलाही आलं.

फोनवर तिला हे सांगितलं. ती हसली नाही. "जल्मात तुमचा नाव तोंडार घेवक नाय. त्या सायबान छातीर धरूक लावल्यान." मग म्हणाली, "पण चांगला पेटता. डोळे बरे आसत. खोकलो आसा तो आसा."

तिचा एकटीचा दुसरा फोटो माझ्याकडे नाही. बाकी सगळ्यांत ती कोणाच्या तरी मागे उभी आहे.

खोकला गेलाच नाही. छाती आधीच पोखरली होती. बिनधुराच्या घरात ती दोन-तीन वर्षं जगली, तेवढंच. ती गेल्याचा फोन आला आणि त्याच फोरमनने तासाभरात रजा दिली.

मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. घरात पाऊल टाकलं तर धूर. ती अंथरुणात पडल्यापासून खड्ड्यात शेण घालायचं कोणाला सुचलं नव्हतं. गॅस बंद पडलेला, आणि भावजय जुन्या चुलीवर आल्यागेल्यांचा चहा करत होती. मी बॅग ओट्यावर ठेवली आणि घमेलं घेऊन गोठ्याकडे निघालो.

"दादा, सुतकात ह्या काय?" भाऊ आडवा आला.

"आधी ती चूल इजव."

त्याने विझवली. मी शेण कालवलं, खड्ड्यात ओतलं. गॅस लगेच येत नसतो, हे मलाही ठाऊक होतं. बाहेर बसलेल्यांना तोंडावर सांगितलं, चहा होणार नाही. कोणाला ते आवडलं नाही. एकेक करून सगळे उठले. भाऊही भावजयीला घेऊन आपल्या घरी गेला. मग मी आत जाऊन, थंड पडलेल्या शेगडीपाशी एकटाच बसलो.