आईच्या वहीतला हळदीचा डाग

वर्षाचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला निघाले होते. "मावशी, आई उठूनच नाही राहिल्या..." एवढंच बोलली. वर्षा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सुमनची सून. दळणाचा डबा दारातच ठेवून मी आंधळगावची बस धरली. दीड महिना झाला त्याला.

सुमनचं सासर विणकरांचं. हातमाग बंद पडला तरी उरलेलं रेशीम तिनं जपून ठेवलं होतं. आमची आई चौथी शिकलेली, तिची एक वही होती. पाटोडी, सांडगे, पापड, काय काय लिहिलेलं, "बेसन दोन मुठी, मीठ मनानं." सुमन त्या वहीतलं पानच्या पान कोशाच्या रेशमी कापडावर सुईदोऱ्यानं भरायची. आईचं अक्षर तिरपं, तर टाकेही तिरपे. आईनं खोडलेलं तेही खोडलेलंच! मी चिडवायचे, "आईनं खाऊ घातलं, तू लोकायले वाचायले लावून राहिली." ती म्हणायची, "बाई, तू खाऊन विसरली. मी टाचून ठेवून राहिली."

पाटोडीच्या पानावर आईच्या अंगठ्याचा हळदीचा डाग होता. अक्षरं भरायच्या आधीच सुमननं खरी हळद भिजवून तो कापडावरही उठवला. मला काय ठाऊक! मी तिच्याकडं राहायला आलेले, ती बाजारात गेलेली, आणि माझ्यासमोर कोरं कापड, त्यावर डाग. माझे हात स्वस्थ बसतात का? साबण लावला. डाग आधी कुंकवासारखा लाल झाला, मग उन्हात पार उडाला. काय खूश झाले मी, बाई!

सुमन आली, दोरीजवळच थांबली. मग वर्षावर ओरडली, "डोळे कुठं होते वं तुये? हे का हातपुसणं होय? आईचा अंगठा पुसला तू!" वर्षानं माझ्याकडं पाहिलं. मी... मी खाली मान घालून तांदूळ निवडत बसले. त्या दिवसापासून सुमननं तिला त्या कामाला हात लावू दिला नाही. पोरीला शिकायची किती हौस होती, सुया ओवून द्यायची सासूला. सगळं थांबलं. आज सांगीन, उद्या सांगीन करता करता चार वर्षं गेली.

सुमनच्या तेरवीच्या दुपारी वर्षाला म्हटलं, "पोरी, मीच धुतलं होतं ते."

"मले माहीत होतं, मावशी."

"मग काहून नाही बोलली तू?"

"तुम्ही सांगान म्हणून वाट पाहिली. आता मले सांगून काय? ज्यायले सांगायचं होतं त्या तर गेल्या."

मागाच्या खोलीत लाकडी चौकटीवर सांडग्याचं पान अर्धं भरलेलं आहे. सुई ओळीच्या मध्येच खुपसलेली. मी म्हटलं, तू पुरं कर. "कसं करू? त्यायनं शिकवलंच कुठं मले..."

गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आले. वर्षा त्या खोलीत झाडू मारत होती. चौकटीच्या चारी बाजूंनी लख्ख झाडलं, खाली तेवढं सोडलं. तिथलं झाडायचं तर चौकट हलवावी लागते, आणि सासूनं हात लावू नको म्हटलेलं. खाली धूळ साचली आहे.