शेटच्या बागेची मागची वाट

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती उल्हासनगरला माझ्या भावाकडे होती. झटका सौम्य होता असं डॉक्टर म्हणाले. बोलणं पंधरा दिवसांत जागेवर आलं, डावा हातही बराचसा सुधारला, पण डावा पाय जमिनीला घासत राहिला. भावाची एकच खोली, तीही जिना चढून वर. म्हणून मी तिला बदलापूरला आणलं. कात्रपला तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. इमारतीच्या मागे तेव्हा भाताची खाचरं होती.

"रोज अर्धा तास चालवा यांना," डॉक्टरांनी मला सांगितलं. "जमीन सपाट हवी, चढ नको, गाड्यांची वर्दळ नको. औषधापेक्षा चालण्यानंच पाय सुधारेल."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, चालवणार कोण? नवरा शिफ्टवर. मुलगी अजून लहान. मी मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. दिवसभर टाइपरायटर बडवून मान आखडायची, बोटांची टोकं बधिर व्हायची. कंपनीची बस सहाच्या आत घरी सोडायची. घरात पाऊल टाकलं की आडवं व्हावंसं वाटायचं, आणि दारात आई चपला घालून बसलेली असायची.

पहिले चार-पाच दिवस आम्ही रस्त्याच्या कडेनं चाललो. बांधकामाची खडी, भरधाव टेम्पो, कुत्री. आई दोनदा पडता पडता वाचली. शेवटी शेजारच्या बाई म्हणाल्या, "शेटच्या बागेत का नाही नेत? तिथं कोणी अडवत नाही."

शेटची बाग म्हणजे आमच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवरची एक जुनी इस्टेट. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या कुणा व्यापाऱ्यानं हवापालटासाठी तिथं बंगला बांधला होता. भोवती आंबे, जांभळी, शिरीष लावले होते, मागच्या अंगाला सागाची राई होती, आणि या सगळ्यातून बंगल्याला वळसा घालणारा घोडागाडीचा रस्ता होता. नातवंडं-पतवंडं कधी फिरकत नसत. बाग आपली आपण वाढत वाढत जंगल झाली होती. सांभाळायला एक भय्या वॉचमन तेवढा होता.

मी आईला सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती. तिचा हात थांबला.

"मला ठाऊक हाय ती बाग," ती म्हणाली. "माझं माहेर तिच्या पल्याडच ना."

आईचं गाव तिकडे कुठेतरी होतं एवढंच मला माहीत होतं. बागेबद्दल ती कधी बोलली नव्हती.

पहिल्या दिवशी आम्ही फाटकाशी पोचलो. दोन दगडी खांब, गंजलेलं लोखंडी दार सताड उघडं, आणि आत सरळ जाणारा रुंद रस्ता. मी आत वळले, तर आई तिथंच उभी.

"पुढनं नको, बाय. मागनं जाऊ."

"मागून कुठून?"

"वाट हाय."

ती कुंपणाच्या कडेनं चालायला लागली. पाय घासत, काठी टेकत, पण न चुकता. कुंपण संपलं तिथं एक कोरडा ओहोळ होता. ओहोळाच्या काठी करवंदीच्या जाळीत माणूस वाकून जाईल एवढी फट होती. चाळीस-पन्नास वर्षांनंतरही ती फट तशीच होती. आई वाकली, आत शिरली, आणि पलीकडून म्हणाली, "डोकं सांभाळ."

त्या दिवसापासून तीच आमची वाट झाली. फटीतून सागाच्या राईत जायचं. खाली वाळलेल्या पानांचा थर, पाऊल टाकलं की मोठ्यानं वाजायचा. मग जांभळीखाली एक सपाट दगड, तिथं आईची पहिली विश्रांती. पुढे घोडागाडीचा रस्ता लागायचा. त्याच्यावरून बंगल्याच्या मागच्या ओट्यापर्यंत जायचं, आणि तसंच परत. धडधाकट माणसाला पाव तास पुरे. आम्हाला पाऊण तास लागायचा.

या फेऱ्या मला आवडायच्या असं म्हटलं तर ते खोटं होईल. झाडं सुंदर होती, हवा गार होती, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. आईच्या घासत्या पावलाच्या मागे मी झोपेत असल्यासारखी चालायचे. घरी भात टाकायचा आहे, कपडे भिजवायचे आहेत, उद्या परत सहाला उठायचं आहे. एकदा तर मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्येच चहा घेऊन बसून राहिले आणि मागून रिक्षा करून उशिरा घरी आले. आईला सांगितलं, ओव्हरटाइम होता. अंधार पडला होता. ती अजून चपला घालून दारात बसली होती. "दमलीस ना?" एवढंच म्हणाली. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथंच मोरीत उभी राहून रडले.

बागेत मात्र आई बोलायची. घरात दिवसभर गप्प असणारी बाई तिथं न विचारता सांगायची. ती आठ-नऊ वर्षांची असल्यापासून थोरल्या बहिणीबरोबर इथं काटक्या वेचायला यायची. त्यांच्या आईला बागेत गवत कापायचं काम होतं. महारांच्या बायकापोरींनी मागून यायचं, मागून जायचं, पुढच्या रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, विहिरीजवळ जायचं नाही. तहान लागली तर माळी वरून ओंजळीत पाणी ओतायचा. लहर असेल तर.

"आणि एकदा माझी बहीण पुढनं गेली," आई म्हणाली. आम्ही जांभळीखाली बसलो होतो. "पायात काटा मोडलेला, डोक्यावर मोळी. मागची वाट लांब. मुकादमानं बघितलं. मोळी सोडायला लावली. एक एक काटकी, जिथनं उचलली तिथं नेऊन ठेव म्हणाला. दिवस मावळेपर्यंत ठेवत होती."

"आणि तू?"

"मी काय करणार? झाडाआड उभी होते."

ती बहीण पुढे पहिल्याच बाळंतपणात गेली. मला ती मावशी फक्त नावापुरती माहीत होती.

त्या रात्री मला राग आवरेना. कुणाचा ते कळत नव्हतं. मुकादम कधीच मेला असेल. मग तो राग आईवर निघाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी एक पत्र तीनदा टाइप करायला लावलं होतं. डोकं ठणकत होतं. फाटकाशी आलो आणि आई नेहमीप्रमाणे कुंपणाकडे वळली, तेव्हा मी थांबले.

"आज पुढून जायचं. नाहीतर मी घरी चालले."

"अगं, पण..."

"पण काय? धर्म बदलला तुम्ही. दीक्षा घेतली. मला शिकवलंस, मी ऑफिसात खुर्चीवर बसून काम करते. आणि तू अजून मागच्या फटीतून वाकून शिरतेस? कोणाला भितेस आता?"

माझा आवाज चढला होता. वॉचमन आपल्या खोपटातून बाहेर आला. पन्नाशीचा माणूस, गळ्यात टॉवेल. त्याला या बागेचा मागचा-पुढचा काहीच इतिहास ठाऊक नव्हता.

"माताजी, आगे से आइये ना," तो म्हणाला. "उधर झाडी में साँप-वाँप रहता है."

आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काठी उचलली आणि दोन खांबांच्या मधून आत गेली.

त्या रस्त्यावर खडी होती. तिचा पाय दर पावलाला अडकत होता. दोन्ही बाजूंची झाडं वठलेली, सावली नाही, उतरतं ऊन थेट तोंडावर. मी तिचा दंड धरला. तिनं सोडवून घेतला. बंगल्याच्या पायरीपाशी पोचेस्तोवर ती घामानं निथळत होती. पायरीवर बसली. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, निदान रडेल. ती फक्त धापा टाकत होती.

वॉचमननं स्टीलच्या ग्लासात पाणी आणलं.

"हिरीचंच का?" आईनं विचारलं. मी त्याला विहिरीकडे बोट दाखवून समजावलं.

"हाँ माताजी, कुएँ का. एकदम मीठा पानी."

आईनं ग्लास दोन्ही हातांनी धरला, सगळं पाणी प्यायली. मग तोंड वाकडं करून मला म्हणाली, "मचूळ हाय गं."

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले. आईही हसली, डाव्या कोपऱ्यातून थोडं वाकडं. वॉचमन बिचारा ग्लास घेऊन बघत राहिला.

परतताना ती म्हणाली, "तुला वाटतं मी भिते. भीत नाय मी. पण ही वाट माझी कुठं हाय? मला इथलं एक झाड ठाऊक नाय. मागं मी बहिणीबरोबर फिरलेय. तिचा फोटो नाय आमच्याकडं, काय नाय. तिथं गेलं की ती आठवते."

आईच्या वाकण्याचा अर्थ मीच लावला होता, आणि तिला विचारायचं राहून गेलं होतं. "माझं चुकलं," मी म्हटलं.

"तू दमलीस, म्हणून बोललीस," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा ओहोळाकडून जायला लागलो.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. पाय पूर्ण सुधारला नाही, पण काठी सुटली. मग एका सकाळी आईला दुसरा झटका आला. त्यानंतर ती सहा महिने अंथरुणाला खिळून होती. त्या काळात मी बागेत एकदाच गेले, एकटी. पाव तासात फेरी संपली, तेव्हा रिकाम्या हातांचं काय करावं कळेना. घरी आले तर आईनं अडखळत विचारलं, सागाला फुलोरा आलाय का. मी वर पाहिलंच नव्हतं. तसं सांगितलं तेव्हा तिनं नाराजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

ती गेल्यावर वर्षा-दोन वर्षांत बाग विकली गेली. आधी पत्र्याचं कुंपण लागलं, मग एका उन्हाळ्यात झाडं कापायला सुरुवात झाली. यंत्रकरवतीचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. शेजारच्या बाई म्हणाल्या, "वाईट वाटत असेल ना तुम्हाला?" मी हो म्हटलं. खरं तर पहिल्यांदा मला हायसं वाटलं होतं, की आता तिथं जायला कोणी सांगणार नाही. वाईट वाटायला बराच वेळ लागला. तिथं तीन मजली इमारती उभ्या राहिल्या, माणसं राहायला आली, गच्च्यांवर कपडे वाळायला लागले. रविवारी दुपारी मी अंथरुणावर पडले की गाढ झोप लागायची. उठल्यावर मात्र थोडा वेळ वाटायचं, की आपण कुठेतरी चालून आलोय आणि पाय दुखतायत.